पोटाला आराम नको, पेजेत तूप घाल

प्रश्न: ताई, माझी मुलगी 14 महिन्यांची आहे. तीन दिवस झाले जुलाब लागलेत, दिवसातून सात-आठ वेळा पातळ शी होते, पहिल्या दिवशी उलट्या पण झाल्या. डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक दिलं आणि म्हणाले सगळं खायला द्या, पण तिथे इतकी गर्दी होती की नीट विचारताच आलं नाही. सासूबाई म्हणतात पोटाला आराम द्यायचा, दूध बंद, भात बंद, अंगावरचं पण बंद कर म्हणतात, फक्त साबुदाण्याचं पाणी, अरारूट आणि कोरा चहा. खाल्लं की लगेच शी करते म्हणून मलाही वाटतं त्यांचं बरोबर असेल. पण ती आमच्या ताटावर झेपावते आणि रडते, बघवत नाही. मेडिकलमधून जुलाब बंद व्हायचं औषध आणलंय, अजून दिलं नाही. मिस्टर म्हणतात सरळ सलाईन लावू. आणि रविवारी नणंदेच्या बाळाचं बारसं आहे, हिला घेऊन जाऊ का? (एक आई, लातूर जिल्हा)

उत्तर: अगं, ताटावर झेपावतेय ना, मग दे तिला खायला! तुझ्या पत्रातली मला सगळ्यात चांगली वाटलेली गोष्ट हीच की तिला भूक लागतेय. आजारी बाळ खायला मागतंय आणि आपण त्याला साबुदाण्याच्या पाण्यावर ठेवतोय, हे घरोघरी चालतं आणि मायेपोटीच चालतं, पण त्यात बाळाचं नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सासूबाईंना पण वाचून दाखव.

हे उत्तर तुझ्यापर्यंत येईपर्यंत जुलाब थांबलेही असतील, पण थांबले नसतील तर खाण्याच्याही आधी तिच्या अंगातलं पाणी बघ. डोळे खोल गेल्यासारखे दिसतात का, रडताना अश्रू येतात का, तोंड कोरडं पडलंय का, गेल्या सहा तासात एकदा तरी सू झाली का. घरात असताना डायपर काढूनच ठेव, पातळ शी आणि सू त्यात एकत्र झाली की काहीच कळत नाही. मग तिला आडवं झोपव आणि बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोड. सोडल्या सोडल्या सपाट झाली तर ठीक, पण घडी तशीच राहून हळूहळू खाली बसत असेल तर अंगातलं पाणी बरंच कमी झालंय. असं दिसलं, किंवा ती मलूल पडली असेल, हाक मारली तरी नीट बघत नसेल, पाणी पिता येत नसेल, प्यायलेलं सगळंच उलटून पडत असेल, शीत रक्त दिसत असेल, ताप खूप असेल, तर हे वाचत बसू नकोस, थेट दवाखान्यात जा, गाडीची सोय नसेल तर 108 ला फोन कर, आणि ती पिऊ शकत असेल तर वाटेत पण ओआरएस चमच्या चमच्याने चालू ठेव. (हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी दोन महिन्यांच्या आतलं बाळ आहे त्यांनी एवढ्या लक्षणांची वाटच बघायची नाही, जुलाब लागले की डॉक्टर.)

हे सगळं नसेल, मुलगी खेळतेय, चिडचिड करतेय, खायला मागतेय, तर मग तुझं मुख्य काम तिला पाजणं आणि भरवणं हेच आहे.

आता ते पोटाला आराम देण्याचं. मोठ्या माणसाला अजीर्ण झालं की एक दिवस लंघन करतात, काही बिघडत नाही कारण आपल्या अंगात साठा असतो. 14 महिन्यांच्या लेकराकडे कुठला साठा? दोन-तीन दिवस नुसत्या पातळ पाण्यावर ठेवलं की अंगातलंच झिजायला लागतं. दुसरं म्हणजे या वयातले जुलाब बहुतेक वेळा विषाणूमुळे होतात, त्या विषाणूने आतड्याचं आतलं अस्तर खराब झालेलं असतं, हे अस्तर तसंही दर तीन ते पाच दिवसांनी नवीन होत असतं पण नवीन व्हायला त्याला अन्न लागतं, आणि आतड्यातून जाणारं अन्न त्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. म्हणजे आराम म्हणून आपण जे बंद करतो त्याच्यावरच तर दुरुस्ती चाललेली असते. म्हणून तर आता सगळीकडचे बालरोगतज्ज्ञ, जागतिक आरोग्य संघटना सुद्धा, हेच सांगतात की जुलाबात खाणं चालू ठेवा आणि अंगावरचं दूध एक वेळसुद्धा बंद करू नका.

खाल्लं की लगेच शी होते, म्हणजे खाल्लेलं तसंच बाहेर पडतंय असं तुला वाटतं, आणि खरं सांगू, बहुतेक आया इथेच घाबरून खाणं थांबवतात. पण घास पोटात पडल्यावर दोन मिनिटात तोच खालून बाहेर पडणं शक्यच नाही, तेवढा रस्ता तेवढ्या वेळात पार होत नाही. होतं असं की पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं आणि त्यात आधीचं जे काही असतं ते बाहेर येतं. धडधाकट बाळं पण दूध पिता पिता शी करतातच की. शीत गाजराचा तुकडा, टोमॅटोचं साल दिसलं तरी घाबरू नकोस, ते एरवी पण तसंच येतं, फक्त एरवी आपण इतकं निरखून बघत नाही. जुलाब चालू असताना सुद्धा खाल्लेल्यातलं निम्म्याहून जास्त अंगी लागतं. दहा चमचे भरवलेस तर पाच-सहा चमचे तरी तिचे झाले, आणि काहीच नाही भरवलंस तर काहीच नाही. खाणं चालू ठेवल्याने एखादी शी जास्त झाली असं वाटेलही, पण आपल्याला शी मोजायची नाहीये, तिच्या अंगातलं पाणी आणि तिचं वजन सांभाळायचंय.

वजनावर मी एवढा जोर देते कारण दोन वर्षांच्या आतल्या मुलांना वर्षात दोन-तीनदा तरी पोट बिघडतंच. दर वेळी आठवडाभर उपास घडवला तर प्रत्येक दुखण्यात वजन उतरणार, ते भरून येईपर्यंत पुढचं दुखणं येणार, आणि अशक्त झालेल्या बाळाला पुढचे जुलाब जास्त दिवस छळतात. अंगणवाडीच्या कार्डावरची रेघ सपाट झालेली दिसते ना कितीतरी मुलांची, त्यात या उपासांचा मोठा वाटा असतो.

अंगावरचं दूध तर बंद करायचंच नाही, उलट मागेल तेव्हा दे, रात्री पण दे. त्यात पाणी आहे, ताकद आहे, रोगाशी लढणारे घटक आहेत, आणि ज्या दिवशी ती चमचा बघून तोंड फिरवेल त्या दिवशी हेच एक ती घेईल. वरचं दूध, म्हणजे गाईचं म्हशीचं, देत असशील तर तेही चालू ठेव आणि त्यात पाणी घालून पातळ करू नकोस, पाणी घातलं की फक्त त्याचा कस जातो. काही थोड्या मुलांना जुलाबात वरचं दूध काही दिवस पचत नाही, म्हणजे दूध दिलं की जोरात फेसाळ आंबट वासाची शी होते आणि खालची जागा लाल होऊन सोलवटते. तसं दिसलं तर वरचं दूध चार-पाच दिवस कमी करून दही दे आणि डॉक्टरांना सांग. दही सर्दी करतं म्हणून घरातले नको म्हणतील, पण घरी लावलेलं ताजं दही, फ्रिजमधलं गार नाही, भातात कालवून खुशाल दे, जुलाबात ते दुधापेक्षा सोपं जातं.

आता सासूबाईंचा साबुदाणा. पातळ, मऊ काहीतरी द्यायची त्यांची कल्पना चुकीची नाही बरं, भाताची पेज मीठ घालून हे आपल्याकडचं जुनं आणि खरोखर चांगलं औषध आहे. साबुदाणा आणि अरारूटमध्ये मात्र जवळजवळ नुसता स्टार्च असतो, प्रथिनं नावालाच, आणि तेही पाण्यासारखं पातळ केलं की पोट भरल्यासारखं होतं आणि अंगी काही लागत नाही. त्यापेक्षा असं कर. एक मूठ तांदूळ, अर्धी मूठ मुगाची डाळ, दोन्ही धुवून कुकरला लाव, नेहमीपेक्षा पाणी जास्त आणि दोन शिट्ट्या जास्त. चिमूटभर मीठ, चिमूटभर हळद, बस. निघाली की पळीच्या पाठीने वाटीतच घोटून घे, मिक्सरला लावून पाणी करू नकोस, आणि वरून एक छोटा चमचा तूप घाल. घट्टपणा बघायचा तर चमच्यात घेऊन चमचा थोडा तिरपा कर, धार लागली तर पातळ झालंय, हळूच घसरत आलं तर बरोबर. तुपाला घरातले नक्की अडवतील, जुलाबात तूप कुठे देतात म्हणून, पण बाळाचं पोट लहान असतं, आजारात ती चार चमचेच खाणार, मग त्या चार चमच्यात जास्तीत जास्त ताकद भरायला तूप किंवा तेल हाच सोपा मार्ग आहे आणि तेवढं तिला पचतं.

रोज खिचडीच पाहिजे असं काही नाही. वरणभात, दहीभात, उकडलेला बटाटा मीठ-तूप घालून कुस्करलेला, पिकलेलं केळं (केळ्यात पोटॅशियम असतं आणि जुलाबात अंगातलं पोटॅशियम जातं, म्हणून केळं तर जरूर दे), नाचणीचं सत्त्व, वरणात भिजवून मऊ केलेली ज्वारीची भाकरी, अंडं खात असाल तर पूर्ण उकडलेलं अंडं. तिखट नको, तळलेलं नको, बाकी ती एरवी जे खाते तेच मऊ करून. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र जेवण म्हणून धरू नकोस, आणि कोरा चहा बंदच कर, बाळाला त्याचा काही उपयोग नाही.

किती द्यायचं? दर तीन तासांनी थोडं थोडं, म्हणजे दिवसातून सहा वेळा तरी. एका वेळी पाव ते अर्धी वाटी गेली तरी पुष्कळ. नको म्हणाली तर नाक दाबून भरवायचं नाही, अर्ध्या तासाने परत दुसरं काहीतरी पुढे कर. दवाखान्यात मी नेहमी बघते, आईने भरवायला घेतलं की बाळ ओठ घट्ट मिटून मान वळवतं, आणि तेच केळं बारीक कुस्करून त्याच्या समोर ताटलीत ठेवलं की आधी बोट घालतं, मग बोट चोखतं, आणि पाच मिनिटात अर्धं केळं गेलेलं असतं. तुझी तर स्वतःच ताटावर येतेय, तिला मांडीवर घेऊन तुमच्याबरोबरच बसव, फक्त आधी तिचे हात साबणाने धू.

ओआरएसबद्दल डॉक्टरांना विचारता आलं नाही म्हणतेस म्हणून सांगते. मोठं पॅकेट पूर्ण एक लिटर पाण्यात, उकळून गार केलेल्या. एक लिटरची पाण्याची बाटली घे म्हणजे माप चुकत नाही. छोटं पॅकेट असेल तर ते 200 मिलीचं असतं, पाकिटावर लिहिलेलं बघ. अर्धं पॅकेट अर्ध्या ग्लासात असा अंदाजपंचे हिशोब नको, घट्ट झालं तर मीठ जास्त जाऊन त्रास होतो आणि पातळ झालं तर उपयोग होत नाही. वरून साखर घालायची नाही, दुधात कालवायचं नाही, केलेलं परत उकळायचं नाही, 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. प्रत्येक पातळ शी झाली की 50 ते 100 मिली, म्हणजे साधारण पाव ते अर्धा कप, वाटी-चमच्याने, दर मिनिटाला एक चमचा. बाटलीने गटागटा पाजलं की उलटी होते. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब आणि परत सुरू कर, अजून हळू. रात्री दुकान बंद आणि पॅकेट संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, पण हे फक्त सकाळपर्यंत. पॅकेट आणि झिंक आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, घरात दोन पॅकेटं कायम ठेव.

दुकानात टेट्रापॅकमध्ये ओआरएससारखं नाव लावून जे गोड सरबत विकतात ते घेऊ नकोस, त्यात साखर कितीतरी पट असते आणि जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणजे जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात नसलेल्या पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला एफएसएसएआय या सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर 2025 मध्ये बंदी घातली, तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण लिहिलंय का हे बघूनच घे. पॅकबंद ज्यूस, कोल्ड्रिंक, ग्लुकोज पावडर यांचंही तेच. ताक, वरणाचं पाणी, पेज, साधं पाणी हे सगळं मात्र अधूनमधून चालेल.

मिस्टरांना सलाईन पाहिजे कारण बाटली लटकलेली दिसली की उपचार झाल्यासारखं वाटतं, मीठ-साखरेच्या पाण्यावर विश्वास बसत नाही. त्यांना 1971 सालची गोष्ट सांग. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पिंपातून लोकांना प्यायला दिलं, पाजायला नातेवाईकच. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. कारण असं की जुलाबात आतडं कितीही बिघडलं तरी ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत घ्यायची त्याची वाट चालू राहते आणि त्यांच्यामागे पाणी जातं. सलाईन लागतंच, पण पिता न येणाऱ्या, गुंगीत गेलेल्या बाळाला, आणि ते डॉक्टर ठरवतील. खेळणाऱ्या बाळाला सुई टोचून काय मिळणार?

मेडिकलवाल्याचं औषध देऊ नकोस. जुलाब एकदम बंद करणारी जी औषधं असतात ती लहान मुलांना धोक्याची, आतड्याची हालचालच थांबते, पोट फुगतं, बाळ गुंगतं, आणि घाण आतच राहते. अँटिबायोटिक साध्या पातळ जुलाबात काही करत नाही, ते शीत रक्त असेल तेव्हा डॉक्टर बघून देतात. जायफळ उगाळून देण्याचाही आग्रह होईल, नको म्हण, जायफळाने बाळ गुंगतं आणि मग ती गुंगी जायफळाची की पाणी कमी झाल्याची हे ओळखायचं कसं? दात येतायत म्हणून जुलाब, असं कोणी म्हटलं तर ऐकून घे पण ओआरएस थांबवू नकोस. सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर काढू दे, त्याने काही अडत नाही. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा खिचडी घोटायचं आणि भरवायचं काम त्यांनाच दे, आजीच्या हातून मुलं दोन घास जास्त खातात.

बारशाला हिला नेऊ नकोस. तिथे नुकतं जन्मलेलं बाळ आहे, हे विषाणू शीतून हाताला आणि हातातून तोंडात असे पसरतात आणि बरं वाटायला लागल्यावरही काही दिवस शीतून बाहेर पडत राहतात. तू पण दिवसभर तिची शी काढतेयस. सासूबाई आणि मिस्टर जाऊन येतील, साबणाने हात धुवूनच बाळाला घ्यायचं म्हणावं. आणि नणंदेला आठवण कर, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसीकरणात रोटाव्हायरसचे थेंब सरकारी केंद्रात फुकट मिळतात, ते चुकवायचे नाहीत. तुझ्या मुलीच्या कार्डावर ते झालेत का बघ, पण झाले नसतील तरी आता वय निघून गेलंय, त्याचं टेन्शन घेऊ नकोस.

झिंकची गोळी 20 मिलिग्रॅमची, रोज एक, 14 दिवस. चमचाभर पाण्यात किंवा तुझ्याच दुधात विरघळते. चौथ्या-पाचव्या दिवशी जुलाब थांबले की सगळे ती कपाटात टाकून देतात, तू पूर्ण कर, पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब होण्याची शक्यता त्याने कमी होते. जुलाब साधारण आठवडाभरात थांबतात, 14 दिवस झाले तरी चालूच असतील तर तो वेगळा प्रकार, परत डॉक्टर. थांबल्यावर तिला सडकून भूक लागेल, तेव्हा दोन आठवडे रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त दे, संध्याकाळचं, तुपासकट. मग अंगणवाडीत नेऊन वजन कर आणि आजारपणाआधीच्या आकड्याशी ताडून बघ. तेवढं भरलं नसेल तर मला परत लिही, सोबत ती दिवसभरात काय काय खाते ते पण लिही.